मातीचा विटाळ कोणास?

आमच्या सीमाभागातील एका देवस्थानाकडे काही तरुण शिल्पकारांनी मध्यंतरी एक साधी मागणी केली. उत्सवाचे दिवस वगळून आठ दिवसांसाठी धर्मशाळेची रिकामी ओवरी मिळावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तेथे ते आपली लहान लहान शिल्पे मांडणार होते. काही नुसत्या भाजलेल्या मातीची, काही झिलई दिलेली, तर काही मातीला तार, लाकूड, काच वा कापड यांची जोड देऊन केलेली. प्रवेशशुल्क नव्हते, विक्री झालीच तर देवस्थानास काही भाग देण्याचीही त्यांची तयारी होती. मागणी नाकारली गेली. ओवरी कोणास द्यावी आणि कोणास देऊ नये हे ठरविण्याचा अधिकार विश्वस्तांचा आहे, त्याविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो नकारासाठी पुढे केलेल्या कारणांशी. ती कारणे त्या एका बैठकीपुरती राहिली असती तर आम्ही लेखणी हाती धरली नसती. परंतु बीदर-कलबुर्गीपासून गोव्यापर्यंत, आपल्या देवळाभोवती वावरणाऱ्या सुशिक्षित मंडळींत, तीच कारणे थोड्याफार फरकाने आम्ही वारंवार ऐकत आलो आहो. त्या बैठकीस आम्हीही हजर होतो आणि आम्हीही गप्प बसलो. त्या मौनाची लाज वाटते म्हणून हा लेख.

कारणे तीन होती. पहिले असे की, ही तर वीतभर खेळणी. यांत कला ती कसली? दुसरे असे की, यांत ना देव ओळखू येतो ना माणूस. ज्याचा अर्थ लागत नाही ते देवळाच्या आवारात कशाला? तिसरे, आणि हे सर्वांत जोराने मांडले गेले, ते असे की, ही भेसळ आहे. गंजकी तार, फुटकी काच आणि चिखल यांनी पवित्र जागा विटाळेल. या तिन्हींचा आम्ही क्रमाने विचार करू.

प्रथम आकाराची गोष्ट. कला मोठी की लहान हे फूटपट्टीने ठरते, असे मानणाऱ्यांनी आधी आपल्या घरातील देवघर उघडून पाहावे. तेथे काय असते? अंगठ्याएवढा बाळकृष्ण, मुठीत मावेल अशी अन्नपूर्णा, आणि खंडोबा-भवानीचे चांदीचे टाक. भालकी तालुक्यातील खानापूरच्या मैलार मल्लण्णाला आपण गाड्या करून जातो, पण घरी त्याची पूजा होते ती त्या चिमुकल्या टाकावर. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्यांच्यापुढे डोके टेकविले ती बहुतेक शिल्पे वीतभरसुद्धा नाहीत. लिंगायत बांधव तर आपला देव गळ्यात धारण करतो. त्याचे इष्टलिंग तळहातावर मावते.

इतिहासाची साक्ष हवी असेल तर फार लांब जावयास नको. आमच्या सीमेला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यात तेर हे गाव आहे, पूर्वीचे तगर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंतून तेथे सरकारी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यात सातवाहन काळातील भाजलेल्या मातीच्या आणि पांढऱ्या चिकणमातीच्या लहान मूर्ती आहेत. मूर्तीचे पुढचे अंग एका साच्यात व मागचे अंग दुसऱ्या साच्यात काढून दोन्ही जोडण्याची आणि आतून पोकळ ठेवण्याची हातोटी त्या कारागिरांना साधली होती. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक भारतीय मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई नगराच्या अवशेषांत सापडली. ते नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. तिची उंची सुमारे २४ सेंटीमीटर. मोहेंजोदडोची धातूची नर्तकी याहूनही लहान, अवघी साडेदहा सेंटीमीटर. तरीही भारतीय शिल्पकलेचा इतिहास लिहिताना तिला ओलांडून कोणास पुढे जाता येत नाही. बसवकल्याणात २०१२ साली बसवेश्वरांची १०८ फुटी मूर्ती उभी राहिली. ज्यांनी ती श्रद्धेने उभारली त्यांना आमचा नमस्कार. परंतु ज्या प्रदेशास १०८ फुटांसाठी जागा सापडते, त्यास एका रिकाम्या ओवरीतील वीतभर मातीसाठी जागा सापडू नये, हे आम्हांस शोभत नाही.

दुसरा आक्षेप अर्थाचा. 'कळत नाही' हे वाक्य आपल्याकडे निर्णयासारखे उच्चारले जाते. वास्तविक ती केवळ आपल्या स्थितीची कबुली असते. भीमाकाठच्या सन्नतीची चंद्रलांबा ही कितीतरी मराठी घराण्यांची कुलस्वामिनी. १९८६ साली तेथील कालीमंदिराचे छत कोसळले, आणि देवीच्या मूर्तीखालची आसनशिळा पाहता पाहता ध्यानात आले की, त्या शिळेवर सम्राट अशोकाचे लेख कोरलेले आहेत. मूर्ती बसविण्यासाठी त्या लेखांतून आरपार खाच पाडलेली होती. कोणा जुन्या माणसाने ती अक्षरे पाहिली असतील, त्यांचा अर्थ लागला नसेल, म्हणून त्याने दगड म्हणून दगड वापरला. त्याला आम्ही दोष देत नाही. ती लिपी वाचणारे त्या काळी कोणी उरले नव्हते. परंतु आपणांस न कळलेली वस्तू निरर्थकच असते असे नाही, एवढा धडा तरी सन्नतीच्या भक्तांनी त्या शिळेपासून घ्यावयास हवा होता.

आणि आकृती ओळखू येत नाही म्हणून नाक मुरडणारे आम्ही कोण? आम्ही गाणगापूरचे वारकरी. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून आम्ही ज्यांच्या दर्शनास रांगेत उभे राहतो त्या पादुकांना आम्ही 'निर्गुण' म्हणतो. नृसिंहसरस्वतींचे तेथे स्मरण होते ते नाकडोळे रेखलेल्या चेहऱ्यातून नव्हे. माहूरची रेणुका तांदळा आहे. शाळिग्रामाला हातपाय नाहीत; बाणलिंग तर नदीनेच घडविलेले. आकाराला सूचनेइतकेच ठेवून बाकीचे पाहणाऱ्याच्या मनावर सोपविण्याची रीत जगात कोणी आम्हांस शिकवावयास नको. ती आमच्या हाडीमांसी खिळलेली आहे. असे असता एखाद्या मुलीने मातीचा गोळा दाबून त्यावर केवळ बोटांचे ठसे ठेवले आणि त्यास 'आजी' असे नाव दिले, तर आम्ही हसतो. निर्गुणापुढे हात जोडणाऱ्यांनी अमूर्ताची टिंगल करणे हा विनोद आहे. दुर्दैवाने तो आमच्याच खर्चाने चाललेला आहे.

कोणी म्हणेल, देवाची गोष्ट वेगळी. परंपरेने मान्य केलेले रूप आम्ही स्वीकारतो, नवे नको. परंपरेचे हे सोवळे किती जुने आहे ते पाहू. आपल्या आजोबांच्या भिंतीवर ज्या देवदेवतांच्या तसबिरी होत्या, त्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून आल्या. तो मुंबईत १८९४ साली सुरू झाला. पुढे आपल्याच कलबुर्गीत १९१६ साली जन्मलेल्या एस. एम. पंडित यांच्या चित्रांच्या दिनदर्शिका घरोघर गेल्या. हे पंडित मुंबईत चित्रपटांच्या जाहिराती रंगवीत होते. तेलरंगांची, छायाप्रकाशाची आणि अंगप्रत्यंगांच्या भरीवपणाची त्यांची विद्या युरोपीय चित्रशाळेची होती. १९९३ साली ते निवर्तले तेव्हा त्यांचे राम-कृष्ण आमच्या डोळ्यांना अनादि वाटू लागले होते. म्हणजे काल जे नवे आणि परदेशी होते तेच आज आमची परंपरा होऊन बसले आहे, आणि त्याच परंपरेच्या नावाने आम्ही आजच्या नव्याला दारातून परत पाठवितो.

आता तिसरा आक्षेप, भेसळीचा. तो बीदरच्या मातीत उभे राहून केला जावा याचे आम्हांस सर्वाधिक आश्चर्य वाटते. बीदरचे नाव जगात ज्या एका कलेमुळे घेतले जाते ती बिदरी कला म्हणजे मिश्रणाचीच कला आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात. तिच्या अंगावर छिन्नीने नक्षी खोदतात. त्या खाचांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात. आणि शेवटी किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांच्या लेपाने तापवून चोळले की, मूळ धातू काळाभोर होतो व चांदी तशीच शुभ्र राहते. जस्त, तांबे, चांदी आणि माती या चारांतील एकही गोष्ट वगळली तर बिदरी उरत नाही. किल्ल्यातील मातीवाचून तो काळेपणा येत नाही, असे कारागीर सांगतात. या कलेस २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे बुजुर्ग कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने गौरविले. लग्नकार्यात बिदरी अत्तरदाणी आम्ही अभिमानाने मांडतो. तिच्यातील मिश्रण आम्हांस चालते, कारण ते जुने आहे. तरुणांच्या हातचे मिश्रण चालत नाही, कारण ते आजचे आहे.

बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महाल पाहा. बरीदशाही काळातील त्या वास्तूत काळ्या दगडात शिंपल्यांचे तुकडे जडविले आहेत, वर रंगीत झिलईच्या विटा बसविल्या आहेत आणि शेजारी कोरीव लाकडाचे खांब आहेत. समुद्रापासून इतक्या दूरच्या पठारावर शिंपला, दगड, लाकूड आणि भाजलेली माती यांची एके ठिकाणी सांगड घालणाऱ्याला आज आपण 'मिश्रमाध्यमाचा कलावंत' म्हटले असते. गावात महमूद गवानच्या १४७२ सालच्या मदरशाच्या दर्शनी भागावर झिलईच्या फरश्या अजूनही तग धरून आहेत. १६९६ सालच्या स्फोटात अर्धी इमारत गेली, परंतु उरलेल्या फरश्यांचा निळा रंग उन्हापावसाला पुरून उरला. या नगरात राहून 'चिनीमाती आणि मिश्रण ही शहरी थेरे आहेत' असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या वाड्यात पाहुण्यासारखे वावरणे होय.

आमच्या कोंकणी वाचकांस तर हे अधिक सांगावयास नको. चवथीला गणपतीवर जी माटोळी बांधतात तीत नारळ, सुपारी, रानफळे, वेली आणि फुले एकत्र येतात. प्रत्येक घर आपल्या कल्पनेने तिची रचना करते. ती मिश्रमाध्यमाची कलाकृती नव्हे तर काय? तिला कोणी भेसळ म्हणत नाही.

खरी भेसळ कोठे आहे ते आता सांगितले पाहिजे. ज्या मंडळींनी तार आणि काच यांचा विटाळ मानला, त्यांच्याच उत्सवमंडपात प्लास्टरचा गणपती बसतो. प्लास्टर म्हणजे जिप्सम भाजून केलेली भुकटी. ती पाण्यात विरत नाही; विसर्जनानंतर मूर्ती काठावर भग्न होऊन पडते आणि तिच्या अंगावरचा रंग पाण्यात उतरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याविषयी २०१० साली मार्गदर्शक नियम केले, २०२० साली ते अधिक कडक केले. नियम झाले, मंडप बदलले नाहीत. चतुर्थीच्या संकल्पात आपण 'पार्थिव' गणेशाचे पूजन करीत असल्याचा उच्चार करतो. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. प्लास्टरपुढे बसून हा शब्द उच्चारताना आमची जीभ अडखळत नाही. पार्थिव शिवलिंग श्रावणात हाताने घडवून, पूजून त्याच दिवशी पाण्यात सोडावयाचे असते; नवरात्रात घट बसतो तो मातीवर. ज्या धर्माच्या इतक्या विधींत मातीवाचून पान हालत नाही, त्याच्या देवळाला मातीचा विटाळ होईल, हे म्हणणे धर्माचे नव्हे. ते आमच्या अलीकडच्या गुळगुळीत फरशीचे आहे.

या सर्वांच्या मुळाशी एक प्रश्न आहे. आमच्या खेड्यांत मातीला आकार देणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. ज्येष्ठ अमावास्येला इकडे मातीचे बैल पूजिले जातात. भाद्रपदात जोकुमारची मातीची मूर्ती बुट्टीत घेऊन स्त्रिया दारोदार जातात. या मूर्ती कुंभाराच्या घरून येत. आज कुंभाराचा मुलगा चाकावर बसावयास तयार नाही, आणि त्याला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही, कारण त्याच्या मडक्याऐवजी प्लास्टिकची घागर आणि त्याच्या गणपतीऐवजी साच्यातला प्लास्टरचा गणपती आम्हीच विकत घेतला. अशा वेळी शहरात शिकून आलेली काही मुले पुन्हा मातीत हात घालतात, ही घटना लहान नाही. मूळ बिहारच्या कुंभार घराण्यातील ब्रह्मदेव पंडित यांनी मुंबईजवळ भाईंदरला भट्टी घालून चिनीमातीच्या कामात नाव मिळविले आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चाकावरून भट्टीकडे आणि भट्टीवरून प्रदर्शनाकडे जाणारी वाट आहे, हे त्यांनी दाखविले. २०१८ साली जयपूरला आणि २०२४ साली दिल्लीला भारतीय सिरॅमिक कलेची मोठी त्रैवार्षिक प्रदर्शने भरली. ती पाहण्यास सीमाभागातील कुंभाराचा मुलगा जाणार नाही. तो देवळात येतो. ओवरीत मांडलेले पाहील तर कदाचित आपल्या बापाच्या चाकाकडे वेगळ्या नजरेने पाहील. ओवरी नाकारली गेली तेव्हा नाकारले गेले ते हे.

आता दुसरी बाजू. आम्ही शिल्पकारांचे वकीलपत्र घेतलेले नाही. अशा प्रदर्शनांत पुष्कळ काम कच्चे असते, हे आम्ही पाहिले आहे. परदेशी पुस्तकांतील आकार उचलून आणलेले असतात. शिल्पांची नावे इंग्रजीत. विचारावयास जावे तर उत्तरही इंग्रजीत, आणि तेही असे की ऐकणाऱ्यास स्वतःच्या अज्ञानाची शरम वाटावी. तार जोडली आहे, पण ती मातीला का हवी होती याचे उत्तर शिल्प देत नाही. काही ठिकाणी झिलईचा चकचकाट आकाराचा दुबळेपणा झाकण्यासाठीच असतो. गोरोबा काका थापटणे घेऊन संतांच्या डोक्यावर थापटत फिरले आणि कोणते मडके कच्चे ते त्यांनी सांगितले, ही कथा आपण सर्व जाणतो. ती परीक्षा या शिल्पांचीही झाली पाहिजे, आणि कठोरपणे झाली पाहिजे. परंतु गोरोबांनी नामदेवांस कच्चे म्हटले ते मेळ्यात बसवून. दाराबाहेर उभे करून नव्हे. पुढे ते मडके पक्के झाले. परीक्षेवाचून दिलेल्या नकाराने कोणतेही मडके पक्के होत नाही.

म्हणून आमचे दोन्ही पक्षांना काही सांगणे आहे. शिल्पकारांनी देवळाच्या ओवरीत यावयाचे असेल तर आपल्या कामाची नावे मराठीत, कोंकणीत, कन्नडात लिहावीत. माती कोठली, बीदरच्या तांबड्या पठाराची की कलबुर्गीच्या काळ्या रानाची, ती वाळताना किती आकसली, किती अंशांवर भाजली, हे साध्या शब्दांत सांगावे. कुंभाराच्या उघड्या आव्यात सामान्यतः ७०० ते ९०० अंश सेल्सियस उष्णता होते. त्यांच्या बंद भट्टीत १,२०० अंशांहून अधिक होते. या फरकाने मातीचे काय होते हे कुंभाराच्या मुलास कळले तर ते प्रदर्शनाचे मोठे यश. आणि कच्ची माती पाण्याची, भाजलेली माती काळाची, हा भेद त्यांनी स्वतःही विसरू नये. भाजलेली वस्तू विसर्जनासाठी नव्हे, तिला सांभाळणारे घर लागते.

विश्वस्तांस आमची विनंती अशी. वर्षातून आठ दिवस एक ओवरी द्या. तिचे भाडे घेऊ नका. गर्भगृहापासून ती दूर असू द्या. पूजाविधींत कोणी ढवळाढवळ करू नये, हेही आम्हांस मान्य आहे. जे काम पाहून मनास पटणार नाही त्यावर खुशाल टीका करा, पण पाहिल्यानंतर करा. त्या आठ दिवसांत एक दिवस गावच्या कुंभारास मानाने बोलावून चाक ओवरीत फिरू द्या आणि मुलांना चिखलात हात घालू द्या. आणि येत्या चतुर्थीला मंडपात मातीचा गणपती बसवा. गोव्यात चिकणमातीच्या मूर्ती घडविणाऱ्यांस सरकार अनुदान देते. आपल्या देवस्थानांनी सरकारची वाट पाहू नये, देणगीपेटीतील थोडा पैसा कुंभाराकडे आगाऊ पाठविला तरी पुरे.

या लेखामुळे काही वडीलधारी मंडळी आमच्यावर रुष्ट होतील, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. देवळे त्यांनी राखली म्हणून आज ओवरीचा प्रश्न तरी निघतो. परंतु पुढल्या बैठकीत हा विषय पुन्हा निघेल तेव्हा आम्ही गप्प बसणार नाही, हे त्यांना आधीच कळविणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.